मला गेम लागतो

"शलाका, दार उघड बघू," सासूबाई बाहेरून म्हणाल्या.

मी नळ पुरता सोडून बेसिनवर वाकले होते. पाण्याच्या आवाजात ओकारीचा आवाज लपतो असा माझा समज होता. तो खोटा निघाला, कारण दार उघडलं तेव्हा आई हातात आल्याचा रस आणि मधाची वाटी घेऊनच उभ्या होत्या.

"काही नाही आई, पित्त झालंय."

"हो हो, पित्तच," असं म्हणून त्या हसल्या. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण माझ्याकडे बघून त्या इतक्या मोकळ्या हसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. "हे चाटून घे. आणि काल स्टुलावर चढून पंखा पुसत होतीस ना, ते आता बंद."

माझ्या तिथेच लक्षात यायला हवं होतं. पण त्या दिवशी बुधवार होता आणि माझा सगळा जीव शुक्रवारात अडकला होता.

तेव्हा आम्ही कराडात राहायचो. सुजय, म्हणजे माझा नवरा, साखर कारखान्यात केमिस्ट होता. सासरे पूर्वीच गेलेले. घरात आम्ही तिघंच. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरून गेम तपासायचं काम करायचे. गेम बाजारात जाण्याआधी तो खेळून बघायचा, कुठे अडतो, कुठे बिघडतो ते हुडकायचं आणि कळवायचं. मला हे काम मनापासून आवडायचं. आईंना ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. "खेळायचा पगार देतात म्हणे," असं त्या शेजारच्या लाटकर काकूंना सांगायच्या, आणि पुढे दोघी जे हसायच्या ते मला माझ्या खोलीत ऐकू यायचं.

आधी माझ्याकडे पत्त्यांचे आणि कोड्यांचे गेम होते. मग भुयार आलं. या गेममध्ये पडद्यावर आपण दिसतच नाही. दिसतो फक्त आपला हात, हातातली मशाल आणि समोर किल्ल्याखालचं भुयार. डोळे आपलेच, मानही आपलीच. पळायला लागलं की सगळं भुयार खालीवर हिंदकळतं, वळलं की भिंती गर्रकन फिरतात.

मला लहानपणापासून गाडी लागते. माझं माहेर चिपळूणचं. लग्नानंतर सासरी येताना कुंभार्ली घाटात नव्या नवरीने शालू सावरत गाडी थांबवायला लावली आणि कठड्याशी बसून काय केलं, हा किस्सा सुजयकडचे लोक अजून रंगवून सांगतात. पण घरच्या खुर्चीत बसल्या जागी घाट लागावा, हे मात्र नवीन होतं. डोळे सांगतात आपण धावतोय, शरीर सांगतं आपण बसलोय, आणि या दोघांच्या भांडणात मार खातं ते पोट.

हे ऑफिसात सांगायची सोय नव्हती. माझ्याआधी या गेमवर एक मुलगा होता. आपलं डोकं दुखतं असं त्याने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे अद्वैत सर. माणूस वाईट नव्हता, पण घाईत असायचा. "तुला दुसरीकडे बसवतो," असं ते त्याला म्हणाले, आणि हे दुसरीकडे म्हणजे त्याचं घर, हे आम्हाला नंतर कळलं. मी तर अजून कायमही झाले नव्हते. शुक्रवारी दुपारी मुंबईची मंडळी पुण्याच्या ऑफिसात येणार होती. ती हो म्हणाली तरच गेम बाजारात जाणार होता. त्यांच्यासमोर मी कराडहून दोन तास सलग खेळून दाखवायचं, आणि ते नीट पार पडलं की सोमवारी माझं कायम होण्याचं बघायचं, असं ठरलं होतं. दोन तास! मी अर्ध्या तासापलीकडे कधी टिकले नव्हते.

मग मी उपाय सुरू केले. खुर्ची मागे ओढली, कारण पडदा जितका लांब तितकं कमी गरगरतं. खोलीतले सगळे दिवे लावले. टेबलपंखा थेट तोंडावर सोडला. हेडफोनने कानशिलं आवळली की जास्त मळमळायचं, म्हणून लॅपटॉपचा स्पीकरच वापरायला लागले. आलेपाकाची वडी गालात. आणि सगळ्यात कामाची निघाली ती माझी टिकली. पडद्याच्या बरोब्बर मध्ये मी एक मरून रंगाची टिकली चिकटवली. भिंती फिरू देत, भुयार नाचू दे, नजर त्या टिकलीवर ठेवली की पोट जरा ऐकायचं.

आईंनी ती टिकली पाहिली. "लावलीस? बरं केलंस," असं म्हणून त्यांनी लॅपटॉपवरून मीठमोहऱ्या उतरवल्यासारखा हात फिरवला. मला वाटलं, चला, माझ्या कामाबद्दल यांना थोडी माया वाटायला लागली.

गुरुवारी दुपारी मी ड्रॉवर उघडला तर गाडी न लागण्याच्या गोळ्यांची पट्टी गायब.

"आई, इथल्या गोळ्या पाहिल्यात का?"

"मी ठेवल्यात उचलून. या दिवसांत वाट्टेल ती गोळी घ्यायची नाही."

"कुठल्या दिवसांत?"

आईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. आल्याचा रस, स्टूल, आठवडाभर पपई न आणणं, सकाळी लाटकर काकूंनी 'सहज' आणून दिलेली कैरी, सगळं एकदम ध्यानात आलं.

"आई, तसं काही—"

"तोंडाने बोलायचं नाही!" त्यांनी माझ्या ओठांवर बोट ठेवलं. "तीन महिने बोलायचं नसतं. मी कुणाला सांगितलेलं नाही."

"लाटकर काकूंना?"

"त्या काय परक्या आहेत?"

त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पलंगावर जुन्या मऊ सुती साड्यांचे चौकोन कापून ठेवलेले दिसले. दुपट्यांसाठी. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता खरं सांगायचं तर गेमचंही सांगावं लागणार. आणि खेळ खेळून सून ओकते हे कळल्यावर आई एकच शब्द बोलल्या असत्या: सोड. मला ते ऐकायचं नव्हतं.

संध्याकाळी सुजय आल्यावर त्याला गॅलरीत गाठून सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग गंभीर झाला.

"तू सांग ना तिला."

"तुझी आई आहे, तू सांग."

"मी? शलाका, ती किती खूश आहे बघतेयस ना? काल तिने मला आपल्या हाताने शिरा करून वाढला. मी नाही सांगणार. शुक्रवार होऊ दे, मग शांतपणे सांगू."

नवरे असल्या बाबतीत शेपूट घालतात ते घालतातच. पण त्या वेळी मलाही शुक्रवार होऊन जायलाच हवा होता.

शुक्रवारी दुपारी सुजय कारखान्यात होता. मी खोलीचं दार लोटून घेतलं, पंखा लावला, वडी गालात धरली. गोळी नव्हती. लॅपटॉपमधून अद्वैत सरांचा आवाज आला. "शलाका, सगळे आलेत. शार्दूलही आहे. सुरू कर." शार्दूल म्हणजे ते भुयार ज्याने रचलं तो मुलगा. मी त्याच्याशी फार तर दोनतीनदा बोलले असेन.

पहिला अर्धा तास बरा गेला. पडद्यावर किती रुंद दिसावं ते वाढवून घेता येतं, तेवढं मी आधीच करून ठेवलं होतं. वळताना मी पटकन वळत नव्हते, आधी थांबत होते, मग हळूच वळत होते. मुंबईच्या बाई मध्येच म्हणाल्या, "मुलगी सावध खेळते." सर म्हणाले, "हो, पण थोडं पळू या का आता? पळण्यातच मजा आहे."

पळाले. मशाल हलायला लागली, तिचा उजेड भिंतींवर हलायला लागला, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ज्यांना गाडी लागते त्यांना हे पाणी ओळखीचं असतं. त्यानंतर फार वेळ मिळत नाही. मी टिकलीवर डोळे रोवले. दात आवळले. कपाळावर घाम आला आणि पंख्याच्या वाऱ्याने तो गार पडला.

"छान," सर म्हणाले. "आता तो गोल जिना."

तो जिना मला स्वप्नात यायचा. गोल गोल खाली उतरायचं, मध्ये थांबायची सोय नाही, कारण मागून पाणी चढत येतं. दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणाला टिकली दिसेनाशी झाली, म्हणजे ती होती तिथेच, पण माझे डोळेच जागेवर राहीनात. बोटं थंडगार. मी एका हाताने तोंड दाबलं आणि दुसऱ्या हाताने उतरत राहिले.

"शलाका, भिंतीला का धडकतेयस?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं.

"शलाका? ऐकू येतंय ना?"

लोटलेलं दार उघडलं. आई दुधाचा पेला घेऊन आत आल्या आणि माझा चेहरा पाहून जागीच थबकल्या. पेला तिथेच शेल्फवर ठेवला, दोन पावलांत टेबलाशी आल्या, आणि लॅपटॉपवर वाकून, अगदी स्पष्ट, खणखणीत आवाजात बोलल्या.

"हॅलो. मी तिची सासू बोलतेय. ती आता खेळणार नाही. तिला दिवस गेलेत."

पडद्यावर मागून चढत आलेल्या पाण्याने मला गाठलं आणि गेम थांबला. पलीकडे एकदम गलका झाला.

"अरे! अभिनंदन!" अद्वैत सरांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "शलाका, आधी का नाही सांगितलंस? आम्ही काय राक्षस आहोत? तू ऊठ बघू. विश्रांती घे. तुझ्या नोकरीची काळजी करू नकोस, सोमवारपासून तू पत्त्यांचा गेम बघ." मुंबईच्या बाई म्हणाल्या, "मला तर दोन्ही वेळा नऊच्या नऊ महिने त्रास होता."

आईंचा हात माझ्या डोक्यावर होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. एक शब्दही खोटा बोलायची गरज नव्हती. ओकारीला मानाचं कारण मिळालं होतं, नोकरी वाचली होती, भुयार सुटलं होतं, सासू खूश होती. पुढच्या महिन्यात काहीतरी सांगता आलं असतं, बायका सांगतात तसं. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं आणि मला माझीच भीती वाटली.

"सर," मी म्हणाले. "मला दिवस गेलेले नाहीत."

डोक्यावरचा हात तसाच राहिला, पण त्याचा भार गेला.

"मला हा गेम लागतो. गाडी लागते तसा. रोज. मशाल हलते तेव्हा आणि त्या गोल जिन्यात सगळ्यात जास्त. मी सांगितलं नाही, कारण तुम्ही मला काढलं असतं."

आईंनी हात उचलला. मी मागे वळून पाहायच्या आत त्या खोलीबाहेर गेल्या होत्या.

"सर, मी बोलू?" हा शार्दूलचा आवाज होता. "मलाही होतं. तो जिना मीच केलाय, आणि सलग खेळत मी तो आजवर एकदाही उतरलेलो नाही. तुकड्यातुकड्यानेच तपासतो. मला वाटायचं मीच नाजूक आहे."

"मी मघापासून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय," मुंबईच्या बाई म्हणाल्या. "मला वाटलं जेवण जड झालं."

सरांचा नेहमीचा आवाज परत आला. "दहा मिनिटं थांबू. शलाका, पुढचा भाग आज दाखवायलाच हवा. जमलं तर तू बस, नाहीतर शार्दूल बसेल. नंतर बोलू."

मी आवाज बंद केला आणि स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. काही करत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या.

"म्हणजे काहीच नाही?" त्यांनी न वळता विचारलं.

"नाही, आई."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवायची गरजच नाही. तसं नाहीच काही. मी काल सांगणार होते, तुम्ही बोलूच दिलं नाहीत." हे बरोबर नव्हतं हे मलाही कळत होतं. "आणि मला भीती वाटली. तुम्ही म्हणाला असता, सोड ती नोकरी."

"म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "आजही म्हणेन. रोज ओकून करायचं असं काय आहे त्या कामात?"

"मला आवडतं."

त्या वळल्या. डोळे ओले होते, आणि मला वाटलं आता मला बोलणी बसणार, दुपट्यांची, लाटकर काकूंची, केलेल्या शिऱ्याची. मी मान खाली घातली.

"मीही करत होते नोकरी," आई म्हणाल्या. "सुजयच्या आधी. टेलिफोनच्या ऑफिसात. लांबचे फोन जोडून द्यायचे. कानाला यंत्र लावून दिवसभर हॅलो, हॅलो. पक्की व्हायची होते अजून."

मला हे ठाऊक नव्हतं. सुजयलाही नसावं, नाहीतर तो कधीतरी बोलला असता.

"सुजयच्या वेळी मला फार ओकाऱ्या व्हायच्या. मी तिथेही कुणाला कळू देत नव्हते. टेबलाखाली डबा ठेवायचे. एक दिवस माझ्या सासूबाई ऑफिसात आल्या आणि मोठ्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हिला दिवस गेलेत, ही आता येणार नाही. मी शेजारीच उभी होते. साहेबांनी अभिनंदन केलं. पेढे मागितले." त्या थांबल्या. पदराने नाक पुसलं. "मला कुणी विचारलंच नाही, गं."

मी त्यांच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिले.

"आता त्या पेटीसमोर वाकले ना, तेव्हा माझ्या तोंडून अगदी तेच शब्द आले. तेच. बोलून झाल्यावर माझं मला ऐकू आलं." त्यांनी दोन्ही हात ओट्यावर टेकवले. "आणि मी एवढी वर्षं म्हणत होते, म्हातारीने माझं वाटोळं केलं."

"आई, तुम्ही मायेने केलंत."

"त्यांनी काय वैराने केलं होतं?" त्या एकदम चिडून म्हणाल्या. मग त्यांनी फडताळातून एक मोठं पातेलं काढलं, विसळलं आणि माझ्या हातात दिलं नाही, आपल्याच हातात ठेवलं. "किती वेळ राहिलाय?"

"तासाभराच्या वर."

"चल."

मी परत बसले. आई माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पडद्याकडे एकदाच बघितलं, "देवा रे," म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. एका हातात पातेलं, दुसरा हात माझ्या कपाळावर. लहान मूल ओकताना आई कपाळ धरते ना, तसाच, घट्ट.

गोल जिना पुन्हा उतरायचा होता. आता लपवायचं काही नव्हतं म्हणून मी तिसऱ्या वळणाला सरळ म्हणाले, "सर, एक मिनिट." पाण्याने मला गाठलं, मी पातेल्यात ओकले, आईंनी तोंड पुसायला ओला नॅपकिन दिला, मी चूळ भरली आणि जिना पुन्हा वरून सुरू केला. पलीकडे कुणी हसलं नाही. कपाळावर तो हात होता म्हणून असेल, किंवा पोटात काही उरलंच नव्हतं म्हणून असेल, पण या वेळी मी खाली पोचले. मग तळघर, मग तुटका पूल. पुलावर पुन्हा एकदा थांबावं लागलं. प्रत्येक ठिकाणी मी मोठ्याने सांगत गेले: इथे लागतं, इथे नाही लागत, इथे मशाल हलली नाही तर चालेल. शार्दूल पलीकडे "हं, हं" करत होता. आईंचा हात दुखायला लागला असणार, कारण मध्ये त्यांनी पातेलं खाली ठेवून हात बदलला.

शेवटी भुयाराचं तोंड आलं, उजेड आला, गेम संपला. माझी कुडती घामाने चिंब झाली होती. मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं.

मुंबईच्या बाई काहीतरी चांगलं बोलल्या. मग पलीकडे कुजबुज झाली, आणि अद्वैत सर लॅपटॉपजवळ आले.

"शलाका, तुझी नोकरी कायम. ते सोमवारवर ठेवत नाही. फक्त एक सांग. तुला इतका त्रास होतो, तर पत्त्यांच्या गेमवर जाणार, की हे भुयार सुधारेपर्यंत याच्यावरच राहणार? म्हणशील तसं करू."

आईंचा हात अजून माझ्या कपाळावर होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला आईंचं तोंड उघडलेलं दिसलं. उत्तर त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि ते काय होतं हे मला माहीत होतं. मी वाट पाहत राहिले.

आईंनी तोंड मिटलं. हात काढून घेतला आणि लॅपटॉपपासून चांगली दोन पावलं मागे सरकल्या.

"सांग की," त्या म्हणाल्या. "तुला विचारलंय."